लाल फडक्यातला खून

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधेमधे फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. एरवी मी सांगायला बसले की कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण हे सांगताना माझीच जीभ अडखळते. कारण फजिती झाली ती माझी. द्वारकाबाईची! जिनं पाण्याच्या टाकीवरून अख्ख्या सोसायटीला सरळ केलं, त्या बाईची.

तर मूळ दुखणं असं, की मला वाचताना आवाज लागतो.

म्हणजे मनातल्या मनात वाचता येत नाही मला. ओठ मिटायचे आणि नुसते डोळे फिरवायचे, हे कधी जमलंच नाही. तुम्ही सगळे शाळेत गेलात. तुम्हाला बाईंनी छडी दाखवून 'मनात वाचा' शिकवलं असेल. मी कुठं गेले शाळेत? आमचे बाबा खाडीकडेच्या मिठागरात राबायचे, आई पाट्या वाहायची. एकदा धीर करून म्हटलं, आये, मला शाळेत घाल. तर आई म्हणाली, "शिकून का मीठ गोर होनार हाय?"

मीठ गोड होणार नव्हतं, म्हणून झालं शिक्षण!

पण आमच्या गावात एक म्हातारे होते. दिवेलागणीला ओटीवर बसून पोथी वाचायचे. गावच्या बाया पुढ्यात बसून ऐकायच्या, आणि मी मात्र त्यांच्या पाठीमागे. खांद्यावरून डोकावत. त्यांचं बोट ओळीवरून सरकायचं आणि तोंडातून शब्द यायचा. मला ऐकून ऐकून पोथी पाठ. मग बोट 'राजा'वर आलं की कळायचं, हा 'रा' आणि हा 'जा'. असं मी एकेक अक्षर चोरलं. पोलिसांत तक्रार कुणी केली नाही, म्हणून बरं. तर सांगायचं काय, माझी अक्षरं अशी बोलकी आहेत. आवाज बंद केला की कागदावर नुसत्या मुंग्या दिसतात मला.

पुढे लग्न होऊन डोंबिवलीत आले. सगळ्यांची जेवणं उरकली, भांडी झाली, कपडे वाळत घातले, की घटकाभर वाचीन, असं म्हणता म्हणता केस पिकले. तुम्ही म्हणाल, बायकांचं असंच असतं. असतं ना! पण भूक लागलेल्या माणसाला 'सगळ्यांनाच भूक लागते' असं सांगून त्याचं पोट भरतं का?

हे गेले, मुलाचं लग्न झालं, सून आली, तेव्हा मी स्टेशनाजवळच्या लायब्ररीत नाव घातलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक जाड पुस्तक पुढे केलं.

"हे न्या आजी. संतचरित्र आहे. टाइप पण मोठा आहे."

"ह्यात खून आहे का?"

"…संतचरित्रात?"

"मग नको. खून असलेलं द्या. आणि खुनी कोण ते लवकर कळता कामा नये."

बघा, म्हातारीनं काय वाचावं हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. विचारत नाहीत ते फक्त म्हातारीला.

पुस्तक आलं घरात, पण वाचायचं कुठं? आमचं घर चौथ्या मजल्यावर. हॉल आणि दोन खोल्या. माझा मुलगा संदेश कंप्युटरवाला, घरूनच काम करतो. दिवसभर त्याच्या मीटिंगा. मी पुस्तक उघडून दोन ओळी वाचल्या की आतून ओरडायचा, "आई! म्यूट, प्लीज!"

म्यूट! मी काय फोन आहे?

एकदा तर बाहेर येऊन हात जोडले त्यानं. "आई, तुझा इन्स्पेक्टर माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जातो गं. आमचे पुण्याचे साहेब विचारत होते, बॉडी शेवटी मिळाली का?"

"मग सांग त्यांना, विहिरीत मिळाली."

"आई, मनात वाच ना."

"येत नाही मला मनात."

"मग ऐक तरी. फोनवर ऐकायची पुस्तकं मिळतात आता. कानात घालायचं, आडवं पडायचं. वाचायचे कष्टच नकोत."

"म्हणजे दुसऱ्यानं चावलेला घास मी गिळायचा?"

तो गेला आत. पण मला काही मोठ्यानं वाचायला मिळालं नाही. संध्याकाळी सून मेघा ठाण्याहून बँकेतून यायची, मग टीव्ही, कुकर, मोबाइल. दुपारी दारावरची घंटा. कुरियर, कचरेवाली, 'मावशी, आमची किल्ली ठेवा.' आणि मेघा घरात असली की तिची हाक, "आई, जरा मेथी निवडता का? नाहीतरी वाचतच बसलायत."

नाहीतरी! आई झोपली असेल तर उठवत नाहीत. आई देवळात गेली असेल तर थांबतात. आई वाचतेय म्हणजे आई रिकामी आहे.

दहा वेळा सांगितलं मी त्यांना. दुपारी दोन तास मला हाक मारू नका. हो म्हणायचे. पोरं वाईट नाहीत हो माझी. पण 'हो' म्हणून झाल्यावर पाचव्या मिनिटाला, "आई, कात्री कुठाय?"

शेवटी एक दिवस पिशवीत पुस्तक घालून बागेत गेले. बाकावर बसले, आणि वाचायला लागले पुटपुटत. ऐन रंगात आलं होतं. विहिरीच्या पाण्यावर एक चप्पल तरंगत होती, आणि माळी थरथरत उभा होता. इतक्यात समोर कुणीतरी थांबल्यासारखं वाटलं. बघते तर एक चांगले टी-शर्टवाले, बूटवाले गृहस्थ. बूट काढलेले, हात जोडलेले, डोळे मिटलेले!

"माताजी, कुठलं स्तोत्र?"

मी बोट ओळीवर तसंच धरून ठेवलं. ते वाकून नमस्कार करून हळूच गेले, आणि शेजारी हा हा हा करत हसणाऱ्या क्लबवाल्यांनाही खूण करून लांब घेऊन गेले. एवढी शांतता मला जन्मात मिळाली नव्हती.

तिथंच डोक्यात किडा शिरला.

घरी आले आणि जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून मी पारायणाला बसणार. मार्गशीर्ष आहे. सात दिवस, दुपारी दोन ते चार."

तुम्हाला खरं वाटणार नाही, संदेशनं उठून टीव्हीचा आवाज कमी केला. तिथल्या तिथं! मी पारायणाला बसायला अजून एक रात्र जायची होती, तरी!

"बस आई, बस. मी मीटिंगला गॅलरीत जाईन. आणि घंटेची वायर काढून ठेवतो."

अरे वा रे! माझ्यासाठी नाही काढलीस कधी ती.

मेघा मात्र वाढता वाढता थांबली. "आई, तुम्ही? पारायण?"

"का? माझी नि देवाची ओळख नाही का?"

"तसं नाही. नियम असतात त्याचे कडक. पाळाल ना?"

"सगळे पाळीन," मी म्हटलं. इथंच पहिला पाय घसरला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसले. मेघानं बँकेत जायच्या आधी पाट मांडून, रांगोळी घालून, समई लावून ठेवली होती. पोथी ठेवायची लाकडी ठवणीसुद्धा माळ्यावरून काढून पुसलेली. मी खरी पोथी देव्हाऱ्यात ठेवली आणि हात जोडले. म्हटलं, रागावू नकोस. अक्षरं तुझ्याच घरून चोरली, आता आडोसाही तूच दे. आणि पोथीचं लाल फडकं काढून त्यात गुंडाळला माझा खून.

आता गॅलरीत मुलगा. 'इन्स्पेक्टर म्हणाला' असं सरळ वाचलं तर कळणार. म्हणून मी धरली पोथीची चाल. तीच, लहानपणी ऐकलेली. पहिली पानं नुसती चालीवर ओढली. मग लक्षात आलं की नुसतं ओढून भागत नाही, शब्द पण वाकवायला लागतात. मग काय, वाकवले!

"तंव बंगल्यामाजी अंधार । किंकाळी फुटली भयंकर । धावोनि आला नोकर । म्हणे बाईसाहेब निवर्तल्या ॥"

हसू नका म्हटलं ना!

पण खरं सांगू? ते दोन तास! पंख्याचा आवाज, समईची ज्योत, खाली कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज, आणि मी. मोठ्यानं! कुणाची भीड नाही, हाक नाही. वाटलं, इतकी वर्षं आपण ह्याचीच वाट बघत होतो. ओटीवरच्या म्हाताऱ्यांच्या मागे बसायचे तेव्हा वाटायचं, एकदा त्यांच्या जागेवर बसावं. बोट माझं असावं, आवाज माझा असावा आणि पान उलटायचं कधी ते मी ठरवावं. एवढंच. दागिने नको होते, बंगला नको होता. त्याला सत्तरी उलटावी लागली आणि वर खोटं बोलावं लागलं.

चार वाजले. नमस्कार करून उठले. देवाशप्पथ सांगते, डोळे भरून आले होते.

रात्री ताट बघते तर दुधीची पांढरीफटक भाजी.

"मेघा, कांदा विसरलीस?"

"कांदा-लसूण नाही आई. सात दिवस."

"आणि सुकट?"

"आई!"

मिठागरवाल्याची पोर मी. सुकटीशिवाय माझा घास उतरत नाही. गिळला. झोपायला गेले तर पलंगावर गादीच नाही.

"पारायण करणाऱ्यानं चटईवर झोपायचं असतं," मेघा म्हणाली. चेहरा इतका भाविक की मला तिची कीव आली. म्हटलं, बिचारी केवढ्या श्रद्धेनं करतेय, आणि आपण फडक्यात खून बांधून बसलोय! कमरेचे तुकडे झाले तरी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचून उठते तर दारात शेजारची नलू. तिची नि आमची भिंत एकच. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नव्वदीच्या घरातल्या, त्यामुळे नलूला उंबऱ्याबाहेर फार वेळ उभंसुद्धा राहता येत नाही.

"मावशी, काय गळा लागलाय तुमचा! भिंतीतून येतं सगळं. शब्द कळत नाहीत, पण आमच्या सासूबाई भिंतीकडे तोंड करून गप पडून होत्या. एरवी दुपारभर मला हाका मारतात."

मी म्हटलं, "देवाची कृपा." दुसरं काय म्हणणार!

नलूनं खिडकीतून तळमजल्यावरच्या कांचनला सांगितलं. आणि कांचनला सांगितलं म्हणजे सोसायटीच्या बोर्डावर लावलं! तिसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला कांचन हार घेऊन हजर. मागे आणखी दोघी.

"मावशी, आम्ही नुसत्या ऐकायला बसतो. तुमचं चालू दे."

चालू दे? आता नुसता गॅलरीतला मुलगा नव्हता, तीन बायका पुढ्यात होत्या, कान टवकारून. आणि फडक्यातल्या पानावर काय? इन्स्पेक्टर टेलिफोन उचलतो!

घसा खाकरला. समईकडे बघितलं. आणि म्हटलं, द्वारके, आता बुडलीस तरी चालेल, पण गप्प बसलीस तर मेलीस.

"तंव आकाशवाणी झाली । राजदूते ती कानी धरिली । म्हणे कोण बोले पैली । तंव पलीकडोनि ठेविली खाली ॥"

बायकांनी हात जोडले!

मग मी सुटलेच. इन्स्पेक्टरचा केला राजदूत, बंगल्याचा महाल, पिस्तुलाचं अस्त्र. विषारी चहाचा कप आला, त्याचं केलं अमृतपात्र, आणि ते पिऊन धाकट्या बाईसाहेबही मेल्या तेव्हा घाईघाईनं म्हटलं, कलियुगात अमृतही बाधतं. कांचननं मान डोलावली. "खरंय हो."

अध्याय संपला तर म्हणते, "मावशी, ह्याचं फळ काय?"

"फळ?"

"म्हणजे हा अध्याय ऐकल्यानं काय मिळतं? असतं ना प्रत्येकाचं."

मी म्हटलं, "हरवलेली वस्तू सापडते." इन्स्पेक्टर चप्पलच शोधत होता ना!

तुम्हाला वाटेल, देव अशा वेळी शिक्षा करतो. कसली! देव चेष्टा करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कांचनची महिन्याभरापूर्वी हरवलेली नथ तांदळाच्या डब्यात सापडली.

झालं! त्या दुपारी आमच्या दाराबाहेर इतक्या चपला, की लिफ्टचं दार उघडेना. बी विंगमधल्या बायका आल्या. ज्यांच्याशी माझं टाकीवरून भांडण झालं होतं, त्या पण आल्या. एकीची पेन्शनची फाइल हरवली होती, एकीचा मोबाइल, एक म्हणाली, "माझं काही हरवलं नाही मावशी, पण बसते." संदेश बिचारा गॅलरीत अडकला. बाहेर यायला वाट नाही, आणि पारायणात पुरुषानं बायकांना ओलांडून कसं जायचं? त्यानं चार वाजेपर्यंत पाणी प्यायलं नाही.

आणि माझे दोन तास? गेले की! माझं बोट आता माझं राहिलं नव्हतं. थांबून विचार करावासा वाटला तर थांबता येईना, समोर तेवढे डोळे. एखादी ओळ पुन्हा वाचावीशी वाटली तर सोय नाही. वर डोक्यात सारखी यमकं. राजदूत, भूत, सूत, पूत! रात्री चटईवर पडले तरी माळी ओवीतच कबुली देत होता. जे मिळवायला एवढा खटाटोप केला, ते हातातून वाळूसारखं निसटलं. आणि बोलणार कुणाला?

सहाव्या दिवशी खुनाचा उलगडा तोंडावर आला, आणि घड्याळात चार. मी फडकं बांधलं.

"मावशी, अजून थोडं!" कांचन म्हणाली.

"नाही. उद्या सांगता."

"म्हणजे तो भाचाच का हो? गळ्यात ताईत असलेला?"

"पोथीत अशी घाई करू नये," मी म्हटलं. काय तो माझा रुबाब!

सांगतेच्या दिवशी मेघानं बँकेतून रजा घेतली. पुरण शिजत होतं. प्रत्येकीनं काहीतरी करून आणलेलं. हॉल भरला, मेघा स्वयंपाकघराच्या दारात उभी, मी पाटावर. वाचायला लागले. सुरुवातीला नीट चाललं होतं. राजदूतानं सगळ्यांना महालात जमवलं. दिवे मालवले. भाचा हळूहळू दाराकडे सरकतोय. कपाटाआडून माळी बघतोय. माझा श्वास वर. पान उलटलं. चाल कुठे गेली, यमक कुठे गेलं, मला भान नाही हो! मी मांडी मोडून गुडघ्यावर उभी राहिले आणि बोट रोखून ओरडले,

"हात वर! पिस्तूल खाली टाक, नालायका! इन्स्पेक्टर म्हणाला, तुझा खेळ संपला!"

समई शांत. पुरणाचा वास. आणि माझं बोट अजून कांचनच्या नाकावर रोखलेलं.

म्हटलं, द्वारकाबाई, संपलीस. आता ह्या बायका उठणार, देवाची थट्टा केली म्हणून तोंडात शेण घालणार. ओघाओघानं टाकीचं भांडण पण निघणार. मी मान खाली घातली.

"थांबलात कशाला?" कांचन म्हणाली. "टाकलं का त्यानं पिस्तूल?"

"…पिस्तूल?"

"मग काय! अहो मावशी, अस्त्राचा खटका ओढला आणि धूर निघाला, तेव्हाच कळलं होतं. आणि राजदूत सारखा सिगारेट पेटवतो. पोथीत?"

सगळ्या खो खो हसायला लागल्या. बी विंगवाली तर डोळे पुसत होती.

"कधीपासून कळलं होतं?" मी विचारलं.

"आकाशवाणी 'खाली ठेवली' तेव्हापासून."

"मग रोज हात जोडून बसत होतात कशाला गं?"

कांचनचं हसू जरा कमी झालं. "मावशी, घरी सांगून बघा, दुपारी गोष्ट ऐकायला चाललेय. म्हणतात, काम नाही का दुसरं? आणि पारायणाला चाललेय म्हटलं, तर आमच्या ह्यांनी स्वतः चपला काढून ठेवल्या पुढ्यात. कॉलेजात होते तेव्हा वाचायची मी. रोज एक. लग्नानंतर हे पाच दिवसच वाचलं म्हणा."

बी विंगवालीनं पुन्हा डोळे पुसले. प्रत्येकीला आपापलं काहीतरी आठवलं असणार. मी मेघाकडे बघितलं.

"आणि तुला?"

"मला पहिल्याच दिवशी. पोथी तर देव्हाऱ्यात होती. संध्याकाळी देवाला दिवा मी लावला ना? मग लाल फडक्यात काय गुंडाळणार तुम्ही, पोळ्या?"

"आणि दुधी? चटई? कंबर मोडली माझी!"

"नियम म्हणजे नियम आई. तुम्हीच म्हणालात सगळे पाळीन."

अशी सून! मी तिला मारायला उठले, तर पायाला मुंग्या आलेल्या, पुन्हा पाटावर बसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सरळ गद्यात, चाल न लावता, भाच्याला बेड्या घातल्या, आणि आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मेघा माझ्याजवळ बसली. लसणाची चटणी घेऊन आली होती वाटीभर.

"आई, एवढं नाटक कशाला? सांगायचं ना, मला वाचायचंय म्हणून."

"सांगितलं नव्हतं?"

ती वाटीच्या कडेवरून बोट फिरवायला लागली.

"दहा वेळा सांगितलं गं. मागितलेला तास ह्या घरात मिळत नाही. देवाच्या नावानं संकल्प सोडला की मिळतो."

तिनं चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "माझं पण पुस्तक आहे एक, बँकेच्या ड्रॉवरमध्ये. दोन वर्षं झाली. खूण पहिल्याच धड्यावर आहे."

त्यानंतर तिनं संदेशला बसवलं समोर. काय बोलली ते मला सांगितलं नाही. पण तेव्हापासून दुपारी दोन ते चार आतली खोली माझी. दार लावून. देवाचं नाव न घेता! संदेश गॅलरीत, घंटेची वायर काढलेली, मेथी फ्रिजमध्ये. रविवारी ती खोली मेघाची असते, आणि तेव्हा कात्री कुठाय ते मी सांगते.

तर मंडळी, मिळालं. सत्तर वर्षं मागे बसले होते, ती एकदाची पुढे आले. लायब्ररीतून नवीन जाडजूड कादंबरी आणली. ह्या वेळी खून नाही, प्रेमाची. पलंगावर गादी, गादीवर मी, बशीत तळलेली सुकट. दार लावलं आणि माझ्या पद्धतीनं वाचायला घेतली.

माझी पद्धत सांगते. नदीचं, चांदण्याचं वर्णन आलं की मी पान उलटते. नदी मी पाहिलेली आहे. नायिका रडायला लागली की चार पानं पुढे जाते, रडून झाल्यावर परत भेटते तिला. कंटाळा आला की थेट शेवट वाचते, मग मधलं. खाता खाता वाचते, तेलकट बोट पदराला पुसून. कोण विचारणार? मालकीण मी!

असं मोठ्यानं, मजेत चाललं होतं. नायिका लग्नाला नको नको म्हणत होती. मी टाकली पानं आणि पुढे वाचायला लागले.

आणि भिंतीवर ठक ठक ठक!

मी दचकले. थांबले. पुन्हा ठक ठक. मग फोन वाजला. नलू.

"मावशी, रागावू नका हं. पण त्या मुलीचं अजून लग्न ठरत नव्हतं, आणि तुम्ही एकदम तिचा मुलगा शाळेत घातलात!"

"तुला शब्द कळतात होय आता?"

"ह्या खोलीच्या भिंतीला आमचा पलंग लागूनच आहे ना. मला नाही, सासूबाईंना कळतं सगळं. काठी त्याच आपटतायत. बोलता येत नाही त्यांना नीट, पण…" फोनमध्ये मागून घोगरं काहीतरी ऐकू आलं. नलू म्हणाली, "त्या विचारतायत, नदीवर गेली होती ना ती? मग नदी कुठे गेली? घराबाहेर पडून नदी बघितली नाही हो त्यांनी किती वर्षांत."

मी फोन हातात धरून बसले. माझी खोली. माझे दोन तास. माझं बोट. माझी पद्धत!

भिंतीवर पुन्हा काठी. ह्या वेळी एकदाच, हळू.

मग काय केलं म्हणून विचारता? गादीवरून उतरले, खुर्ची ओढून भिंतीला लावली, सुकटीची बशी बाजूला ठेवली, हात धुतले, आणि घेतली ती कादंबरी पहिल्या पानापासून. मोठ्यानं. नदीसकट!